‘एआय बघून घेईल’ म्हणणाऱ्यांसाठी

वेबसाइट चालवणाऱ्यांच्या ग्रुपांवर सध्या एक सल्ला फिरतोय: चित्रांना ऑल्ट टेक्स्ट, म्हणजे चित्र न दिसणाऱ्यांसाठी पानाच्या कोडमध्ये दिलेलं वर्णन, लिहिणं आता सोडा. कारणं चार. एआय चित्र स्वतःच ओळखतं. लिहायचंच असेल तर फोटोओळ चिकटवा. १२५ अक्षरांपुढे जाऊ नका. आणि जुन्या साइटला हा खर्च झेपत नाही.

पहिल्या कारणात तथ्य आहे. फेसबुकने २०१६मध्ये फोटोंचं आपोआप वर्णन सुरू केलं तेव्हा ‘आकाश, झाड, माणसं’ अशी यादी मिळायची. आजची साधनं फोटोतली पाटीही वाचतात. पण तो फोटो तुम्ही तिथे का लावलाय, हे त्यांना कुठून कळणार? कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्यावरच्या मोजपट्टीचा पावसाळ्यातला फोटो घ्या. मशीन सांगेल, ‘गढूळ पाणी, भिंत, भिंतीवर आकडे.’ फार तर ४१ हा आकडाही वाचेल. पंचगंगेची तिथली इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट. त्यामुळे पुराच्या बातमीत लिहायला हवं ते असं: ‘राजाराम बंधाऱ्याच्या मोजपट्टीवर पाणी ४१ फुटांवर, इशारा पातळीच्या दोन फूट वर.’ तोच फोटो बंधाऱ्याच्या बांधकामावरच्या लेखात आला, तर पाणी गौण आणि भिंत महत्त्वाची. चित्र एकच, पण मजकूर वेगळा. हा निवाडा लेख लिहिणाऱ्यानेच करायचा असतो.

फोटोओळ चिकटवली की स्क्रीन रीडर, म्हणजे अंधांना पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर, तेच वाक्य दोनदा ऐकवतं. नुसत्या शोभेच्या नक्षीला ऑल्ट रिकामं ठेवायचं, म्हणजे वाचक तिथे अडखळत नाही. पण रिकामं ठेवणं वेगळं आणि ऑल्ट गाळणंच वेगळं. लिंक असलेल्या चित्राला ते नसेल, तर कानावर बऱ्याचदा फाइलचं नाव पडतं: ‘आयएमजी २०२४०७२६ डब्ल्यूए००१३’. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला फोटो जसाच्या तसा चढवायची आपली सवय, दुसरं काय!

१२५ अक्षरांची मर्यादा वेबपानांची भाषा असलेल्या एचटीएमएलच्या नियमांत कुठेही नाही. थोडक्यात लिहावं, कारण ऑल्टमध्ये परिच्छेद किंवा मथळे करता येत नाहीत, सगळं एका दमात ऐकावं लागतं. आलेख असेल तर ऑल्टमध्ये निष्कर्ष द्या आणि आकडे खाली तक्त्यात मांडा.

खर्चाचं रडगाणं तर फार जुनं. ब्रेल डिस्प्लेवर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर बोटांखाली ब्रेलमध्ये उमटवणाऱ्या यंत्रावर, संगणक वापरणारे ब्रूस मॅग्वायर यांनी १९९९मध्ये सिडनी ऑलिंपिकच्या साइटविरुद्ध ऑस्ट्रेलियाच्या मानवी हक्क आयोगाकडे तक्रार केली. चित्रांना आणि चित्रांतल्या लिंकना ऑल्ट नाही, हा त्यातला एक मुद्दा होता. दुरुस्तीला एका माणसाचे ३६८ दिवस आणि सुमारे २२ लाख डॉलर लागतील, असं आयोजकांचं म्हणणं. आयोगाने ते मानलं नाही आणि साइट सुधारायचा आदेश दिला. तो पुरता पाळला गेला नाही, तेव्हा २००० साली २० हजार ऑस्ट्रेलियन डॉलरची भरपाई द्यायला लावली. आपल्याकडेही सर्वोच्च न्यायालयाने ३० एप्रिल २०२५च्या निकालात डिजिटल सेवांपर्यंतची पोच हा राज्यघटनेच्या कलम २१मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग मानला आहे.

तेव्हा जुनी साइट असेल तर आधी चित्रांची बटणं आणि लिंक घ्या, मग नकाशे, तक्ते, स्कॅन करून चढवलेल्या सूचना. वाढदिवसाच्या शुभेच्छांचे बॅनर सगळ्यात शेवटी. काढूनच टाकलेत तरी कुणाची हरकत नसावी.