शून्य परत केलं म्हणजे डेटा शुद्ध झाला असं नाही

‘टेक्स्टचा आकडा करताना रूपांतर फसलं तर फंक्शनमधून शून्य परत करा, रिपोर्ट अडत नाही.’ बेळगाव, निपाणी, खानापूर भागात सोसायट्यांचे जुने रजिस्टर संगणकावर चढवणाऱ्यांमध्ये हा सल्ला सर्रास फिरतो. तो चुकीचा आहे.

शून्य ही किंमत आहे. दुधाच्या फॅटच्या रकान्यात कुणी ‘४.२%’ टंकलं, त्याचं ० झालं, की सरासरी घसरते. नल, म्हणजे ‘किंमत माहीत नाही’ अशी खूण, दिली तर सरासरी काढताना ती ओळ निदान वगळली जाते. तरीही मूळ मजकूर शेजारच्या रकान्यात ठेवाच. नाहीतर रकाना रिकामा होता की वाचता आला नाही, हे नंतर कळणार नाही.

‘फंक्शनमध्ये व्हेन अदर्स (एरर पकडणारी ओळ) लावलं की सगळं पकडलं जातं.’ जवळजवळ सगळं पकडलं जातं, आणि तेच वाईट. पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये नसलेलं टेबल, न मिळालेली परवानगीही त्यात गडप होते. पकडायच्या त्या मोजक्याच एरर, त्यांच्या कोडने: २२पी०२ (मजकूर वाचता न येणं), २२००३ (आकडा मर्यादेबाहेर) आणि तारखांसाठी २२००७, २२००८. शिवाय एक्सेप्शन ब्लॉकमध्ये (एरर पकडायची सोय असलेल्या भागात) शिरताना दर वेळी सबट्रान्झॅक्शन, म्हणजे व्यवहारातला उपव्यवहार, उघडतं. लाखभर ओळींवर ते जाणवतं. आवृत्ती १६ पासून मजकूर रूपांतराला चालेल का हे सांगणारं पीजी_इनपुट_इज_व्हॅलिड आहे, आधी ते विचारा.

‘एसक्यूएल सर्व्हरमध्ये ट्राय_कास्ट (फसलं तर नल देणारं रूपांतर) पुरे.’ रिकामी स्ट्रिंग तिथे इंटमध्ये (पूर्णांकात) ० होते आणि तारखेत १ जानेवारी १९००. आधी नलइफ लावून रिकाम्या स्ट्रिंगचं नल करा. तारखेला ट्राय_कन्व्हर्ट, स्टाइल १०३ (दिवस/महिना/वर्ष). ती नसेल आणि सर्व्हर अमेरिकन सेटिंगवर असेल, तर २५/०४ नल होते, पण ०३/०४ गुपचूप ४ मार्च होते.

आपल्याकडे एकाच रजिस्टरात देवनागरी, कन्नड आणि इंग्रजी अंक सापडतात. पोस्टग्रेसचं कास्ट (रूपांतर) फक्त इंग्रजी अंक घेतं, म्हणून ट्रान्सलेटने आधी ते बदलून घ्या.

सगळ्यात घातक मात्र न फसलेलं रूपांतर. सीमेच्या दोन्ही बाजूंना जमीन असलेल्या शेतकऱ्याच्या क्षेत्रात ‘२.१५’ लिहिलेलं असतं. महाराष्ट्राच्या सातबाऱ्यावर ते २ हेक्टर १५ आर, म्हणजे खरोखरच २.१५ हेक्टर. कर्नाटकातल्या उताऱ्यावरून उतरवलं असेल तर २ एकर १५ गुंठे. एकराचे गुंठे ४०, म्हणून ते २.३७५ एकर, जेमतेम ०.९६ हेक्टर. कास्ट दोन्ही वेळा बिनतक्रार २.१५ देतं, एरर येतच नाही. फ्लोट (दशांश आकडा) केलात तर ‘२.१०’ चं २.१ होतं, आणि १० गुंठे की १, हेही हरवतं. म्हणून एकक वेगळ्या रकान्यात घ्या, एकर-गुंठ्याचा टेक्स्ट टिंबावर तोडा, गुंठे ३९ च्या वर गेले तर ओळ बाजूला काढा आणि मूळ उतारा पाहिल्याशिवाय पुढे सोडू नका.