खोडदच्या दुर्बिणीत परग्रहवासी बोलले नाहीत

पेडण्यापासून काणकोणापर्यंत पालकांच्या, भजनी मंडळांच्या ग्रुपवर एक मजकूर पुन्हा फिरतोय: 'पुण्याजवळच्या महाकाय दुर्बिणीला ९ अब्ज प्रकाशवर्षांवरून परग्रहवासीयांचा संदेश मिळाला. सरकारने तो दाबून ठेवला. या तबकड्या आकाशात घातक किरण सोडतात, म्हणूनच तिथे मोबाईल टॉवर उभारू देत नाहीत.' आठवीतल्या एका मुलीने तो वाचून मला विचारलं, "सर, मग आपण त्यांना काय उत्तर दिलं?" इतका चांगला प्रश्न एका थापेपायी वाया जावा, याचा मला खरोखर राग येतो.

आधी 'संदेश'. यामागे खरी घटना आहे. मॅकगिल विद्यापीठाचे अर्णब चक्रवर्ती आणि बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेचे निरुपम रॉय यांनी जुन्नर तालुक्यातल्या खोडदच्या जीएमआरटी या महाकाय रेडिओ दुर्बिणीने एका दूरच्या दीर्घिकेतला, म्हणजे ताऱ्यांच्या अफाट समूहातला, हायड्रोजन टिपला; जानेवारी २०२३ मध्ये त्याच्या बातम्या झळकल्या. हायड्रोजनच्या अणूत इलेक्ट्रॉनची फिरकी उलटली की २१ सेंटीमीटर लांबीची रेडिओ लहर बाहेर पडते. एकट्या अणूच्या बाबतीत हे आपसूक घडायला सरासरी एक कोटीहून जास्त वर्षं लागतात. पण दीर्घिकेत अणूच इतके अफाट असतात की लहरी अखंड निघत राहतात. निघताना त्यांची वारंवारता १४२० मेगाहर्ट्झ होती. विश्व पसरत असल्यामुळे वाटेत त्या ताणल्या गेल्या आणि खोडदला ६२० मेगाहर्ट्झच्या आसपास पोहोचल्या. मध्ये आणखी एक दीर्घिका होती. तिच्या गुरुत्वाकर्षणाने त्या सुमारे ३० पट ठळक केल्या, म्हणून तर त्या हाती लागल्या. पणजी आकाशवाणीच्या लहरीवर निवेदकाचा आवाज चढवलेला असतो. या लहरींवर कोणी काही चढवलेलं नाही. तो थंड वायूचा स्वाभाविक गुण आहे, आणि तेवढ्यावरून त्या दीर्घिकेत वायू किती आहे हे मोजता आलं. ताऱ्यांच्या एकूण वस्तुमानाच्या जवळपास दुप्पट! मला विचाराल तर परग्रहवासीयांच्या गोष्टीपेक्षा हे कितीतरी थरारक आहे.

आता ते '९ अब्ज'. लहरी निघाल्या ८.८ अब्ज वर्षांपूर्वी. पृथ्वीचं वय साधारण साडेचार अब्ज वर्षं. म्हणजे तेव्हा पृथ्वी नव्हती, सूर्यही नव्हता. निरोप धाडायचा तर कोणाला?

किरणांचा मुद्दा तर पार उलटा आहे. तिथल्या ३० अँटेना फक्त ऐकतात, आकाशात काही सोडत नाहीत. प्रत्येकीचा व्यास ४५ मीटर, पण जवळून पाहिलं तर तबकडी भरीव नसतेच. जेमतेम अर्धा मिलिमीटर जाडीच्या पोलादी तारांची जाळी ताणून बसवलेली असते. आरपार आभाळ दिसतं, वारा अडत नाही, आणि हातभर लांबीच्या लहरी मात्र जाळीवरून परततात. या दुर्बिणीचे शिल्पकार, खगोलशास्त्रज्ञ गोविंद स्वरूप आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या या युक्तीमुळे एवढ्या मोठ्या अँटेना हलक्या आणि स्वस्त झाल्या. मोबाईल टॉवरवर बंधनं असतात ती दुर्बिणीच्या रक्षणासाठी. आकाशातून येणारा संकेत इतका क्षीण असतो की जवळपासचा टॉवर त्याला सहज बुडवतो.

राहिलं 'दाबून ठेवलं'. हे संशोधन ब्रिटनच्या रॉयल अ‍ॅस्ट्रॉनॉमिकल सोसायटीच्या नियतकालिकात छापून आलंय, कोणीही वाचावं. आणि खोडदने एकदा दुसऱ्या ग्रहाजवळून आलेला, खरोखर यंत्राने धाडलेला संकेतही ऐकला आहे. १९ ऑक्टोबर २०१६ रोजी युरोपचं स्कियापरेली यान मंगळावर उतरत होतं आणि त्याचा संकेत जीएमआरटी टिपत होती. उतरण्याआधीच तो तुटला. यान कोसळलं होतं. संकेत तुटल्याची ती नामुष्कीची बातमीसुद्धा त्याच दिवशी जगाला सांगितली गेली.