म्हणे चिन्यांनी फक्त फटाके उडवले

दिवाळी जवळ आली की तो फॉरवर्ड हटकून येतो. 'बंदुकीच्या दारूचा शोध चिन्यांचा, पण त्यांनी नुसते फटाके उडवले. युरोपने त्याच दारूवर जग जिंकलं.' खाली चार अंगठे आणि एक 'अगदी खरं'. वाचायला खटकेबाज, पण धादांत खोटं.

सुरुवात युद्धातून झाली नाही, एवढं खरं. चीनमधल्या ताओ पंथाचे किमयागार अमरत्वाचं औषध शोधत होते. त्यांच्याच एका जुन्या ग्रंथात ताकीद आहे की गंधक, मनशीळ (आर्सेनिकचं लाल खनिज), सोरा (दारूतला मुख्य क्षार) आणि मध एकत्र तापवू नका. काहींचे हात-तोंड भाजले, घरही जळलं. (अमर व्हायला निघाले आणि हाती काय लागलं बघा.)

पुढे मात्र सगळा लष्करी मामला. चीनवर राज्य करणाऱ्या सोंग राजवटीच्या १०४४ च्या 'वूचिंग त्सुंगयाओ' या युद्धग्रंथात दारूच्या तीन कृती आहेत, तिन्ही शत्रूवर टाकायच्या गोळ्यांसाठी. सोरा कमी असल्याने ती दारू फुटण्यापेक्षा भडकायचीच जास्त. १०६७ मध्ये दरबाराने सीमेकडच्या प्रांतांना परकीयांना सोरा-गंधक विकायची बंदी केली. भुईनळ्यांसाठी कोण असली बंदी घालतं? ११३२ मध्ये दे-आन या चिनी शहराच्या वेढ्यात तर बांबूच्या नळ्यांत दारू ठासून शत्रूवर आग ओकली गेली.

आणि १२३२ चं काइफेंग! शहर उत्तर चीनमधल्या जिन राजवटीचं, वेढा मंगोलांचा. मंगोल सैनिक बैलाच्या कातड्यांच्या छपराखालून थेट तटाच्या पायथ्याशी आले आणि माणूस मावेल एवढे कोनाडे खणू लागले. वरून बाण मारून उपयोग नव्हता. मग आतल्यांनी दारू भरलेले लोखंडी गोळे साखळीला बांधून तटावरून खाली सोडले. जिन राजवटीचा इतिहास सांगतो की खणणारी माणसं आणि कातडी, दोन्हींच्या चिंधड्या उडाल्या, मागमूसही उरला नाही. लोखंडी चिलखतं भेदली जात होती. याला फटाका म्हणायचं?

मंगोलही लगेच शिकले. १२८१ मध्ये जपानवरच्या स्वारीत त्यांचं आरमार वादळात बुडालं. ताकाशिमा बेटाजवळ समुद्रतळातून त्यांचे मातीचे स्फोटक गोळे वर काढलेत. ईशान्य चीनच्या हेलुंगच्यांग प्रांतात सापडलेली, साधारण १२८८ ची मानली जाणारी काशाची हातबंदूक जेमतेम ३४ सेंटिमीटर लांब आहे.

आता गंमत. युरोपात दारूचा उल्लेख रॉजर बेकन या इंग्रज विद्वानाच्या लिखाणात येतो, साधारण १२६७ मध्ये. कशाबद्दल? तर अंगठ्याएवढ्या, मोठा आवाज करणाऱ्या लहान मुलांच्या खेळण्याबद्दल. म्हणजे काइफेंगच्या तटाखाली माणसं उडून पस्तीस वर्षं झाली, तेव्हा युरोपीय विद्वान फटाक्याचं कौतुक लिहीत होता!

मग तोफा युरोपात एवढ्या अवाढव्य का झाल्या? मला पटणारं उत्तर तटबंदीत आहे. चिनी शहरांचे तट चोपलेल्या मातीचे आणि प्रचंड रुंद. गोळा आत रुतायचा, तट पडायचा नाही. युरोपातल्या किल्ल्यांच्या भिंती दगडी, उंच आणि तुलनेने सडपातळ. त्या पाडता येतात म्हटल्यावर तोफा मोठ्या करण्यात पैसा ओतला गेला, आणि १४५३ मध्ये उस्मानी तुर्कांच्या सुलतानाने कॉन्स्टँटिनोपलसमोर (आजचं इस्तंबूल) जी महाकाय तोफ उभी केली, ती ओतून देणारा ओर्बान हाही हंगेरीहून आलेला कारागीर होता.