मोटाउन सोडल्यानंतरची मेरी वेल्स

अमेरिकेतल्या काळ्या कलाकारांच्या सोल संगीताच्या गप्पांमध्ये गायिका मेरी वेल्सचं नाव निघालं की पुढची गोष्ट ठरलेली असते. 'माय गाय' गायली, डोक्यात हवा गेली, मोटाउन ही रेकॉर्ड कंपनी सोडली, संपली. झाला बाईचा निकाल! आणि हे सांगणाऱ्याने 1964 नंतरचं तिचं एकही गाणं धड ऐकलेलं नसतं, हे मी पैजेवर सांगतो.

माझं म्हणणं असं की घसरला तो तिचा खप. गाणं नाही घसरलं. आणि एका बाबतीत तर मोटाउनमधल्या मेरीपेक्षा नंतरची मेरी मला जास्त पटते.

त्यासाठी थोडं मागे जावं लागेल. 1960 साल, डेट्रॉइट. सतरा वर्षांची ही मुलगी स्वतः लिहिलेलं 'बाय बाय बेबी' घेऊन मोटाउनच्या मालकाकडे, बेरी गॉर्डीकडे जाते. गाणं तिने गायक जॅकी विल्सनसाठी लिहिलेलं, आणि गॉर्डी पूर्वी विल्सनसाठी गाणी लिहायचा, म्हणून त्याच्याकडे. गॉर्डी म्हणतो, तूच गा. मग तेच गाणं पुन्हापुन्हा रेकॉर्ड, टेकवर टेक, वीसच्या वर झाले म्हणतात. ते रेकॉर्डिंग आज ऐकलं की कळतं. आवाज पार खरवडून निघालाय, चर्चमध्ये घसा फोडून गातात तसा, आणि सूर मात्र जागचा हलत नाही. ध्यानात ठेवायची गोष्ट ही की मोटाउनच्या दारात ती गाणं लिहिणारी म्हणून आली होती.

पुढे मोटाउनचा गीतकार-निर्माता स्मोकी रॉबिन्सन आला आणि त्याने तो खरखरीत आवाज मऊ केला. 'द वन हू रिअली लव्ह्ज यू', 'यू बीट मी टू द पंच', 'टू लव्हर्स'. 1962 मध्ये एकामागून एक तीन गाणी, तिन्ही पॉप चार्टच्या पहिल्या दहात. मार्च 1964 मध्ये 'माय गाय' बाजारात आलं, मे महिन्यात बिलबोर्डच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत एक नंबर. या गाण्यांना नावं ठेवणाऱ्यातला मी नाही. 'माय गाय'चा शेवट बघा, गाणं संपत आलेलं असताना ती आवाज खाली आणून, अडखळत, लाडात येऊन गाते. मे वेस्ट या सिनेमातल्या नटीची नक्कल गंमत म्हणून केली होती, ती तशीच ठेवली गेली. पण एवढ्या सगळ्या हिट गाण्यांत तिच्या स्वतःच्या लेखणीचं काय उरलं? काहीच नाही. शब्द बहुतेक स्मोकीचे, चालही बहुतेक त्याचीच, वाद्यं फंक ब्रदर्स या मोटाउनच्या वादकांच्या ताफ्याची, कुठलं गाणं बाहेर जाणार हे गॉर्डीच्या बैठकीत ठरणार. हिट काढायचा तो कारखानाच होता, आणि चोख चालणारा.

मे 1964 मध्ये ती एकवीस वर्षांची झाली. करार अल्पवयात झालेला, त्यामुळे तो मोडायला कायद्याने वाट होती, आणि तिने ती धरली. ट्वेंटिएथ सेंच्युरी फॉक्सने दोन लाख डॉलरच्या आसपास रक्कम देऊ केल्याचं तेव्हा बोललं गेलं, शिवाय सिनेमाचं आमिष. त्यातलं सिनेमाचं काही जमलंच नाही. लोक याला हाव म्हणतात. एक नंबरचं गाणं हातात असताना हिशोब मागणाऱ्या पुरुष गायकाला आपण काय म्हणतो? व्यवहारी!

फॉक्सचा काळ वाईट गेला, हे मान्य. आधी क्षयाने तिला अंथरुणाला खिळवलं. कंपनी सिनेमाची, काळ्या वस्तीतल्या रेडिओवर गाणं कसं पोचवायचं याचं मोटाउनकडे होतं ते ज्ञान तिथे कुणाकडे नव्हतं. 1964 च्या शरदात बीटल्सबरोबर इंग्लंडचा दौरा झाला, त्या चौघांची ती फार लाडकी. त्यावरून कुणाच्या तरी डोक्यात 1965 चा बीटल्सच्या गाण्यांचा अख्खा अल्बम आला. तो मी पूर्ण ऐकलाय. तुम्ही नाही ऐकलात तरी चालेल. पण त्याच वर्षीचं 'यूज युअर हेड' काढून बघा. बिलबोर्डच्या हॉट हंड्रेड या पॉप यादीत 34 व्या नंबरला थांबलं, आणि यातली मेरी 'माय गाय'वाल्या मुलीपेक्षा चांगली दहा वर्षांनी मोठी वाटते.

गॉर्डीने रेडिओवरच्या डीजेंना फोन करून तिची गाणी दाबली, अशी एक कथा नेहमी फिरते. मला त्या कथेची गरजच वाटत नाही. ऑगस्ट 1964 ते जून 1965 या काळात मोटाउनच्याच सुप्रीम्स या तीन मुलींच्या गटाची लागोपाठ पाच गाणी एक नंबरला गेली. कारखाना तोच, माणसं तीच, रेडिओवरची ओळख तीच, फक्त माइकसमोर दुसऱ्या मुली. दाबायला हवंच कशाला?

फॉक्सशी वर्षभरात फाटलं आणि ती ॲटको या रेकॉर्ड कंपनीकडे गेली. तिथे शिकागोचा निर्माता कार्ल डेव्हिस भेटला, आणि 'डिअर लव्हर' आलं. 1966 मध्ये काळ्या श्रोत्यांच्या आर अँड बी चार्टवर सहावा नंबर! संपलेल्या गायिकेचा सहावा नंबर, हे लक्षात घ्या. पॉप चार्टवर 51, म्हणजे गोऱ्या श्रोत्यांपर्यंत पोचलं नाही आणि म्हणून इतिहासात 'फ्लॉप' म्हणून जमा. तिच्या पडझडीच्या गोष्टीचं अर्धं मर्म या दोन आकड्यांत आहे. त्याच तबकडीच्या मागच्या बाजूचं 'कान्ट यू सी' तर पुढे इंग्लंडातल्या नॉर्दर्न सोलवाल्यांनी, म्हणजे जुन्या सोल गाण्यांवर नाचणाऱ्या क्लबवाल्यांनी, डोक्यावर घेतलं.

आता माझ्या लाडक्या रेकॉर्डिंगकडे येतो. 1968, ज्युबिली कंपनी, अल्बम 'सर्व्हिन अप सम सोल'. तोवर तिचं सेसिल वोमॅकशी लग्न झालेलं, सोल गायक बॉबी वोमॅकचा भाऊ तो. नवराबायको मिळून गाणी लिहायला लागले, रेकॉर्डिंगही स्वतःच्या हातात घेतलं. 'द डॉक्टर' या दोघांचं. त्याच सिंगलच्या दुसऱ्या बाजूला काय आहे? 'टू लव्हर्स हिस्टरी'. स्मोकीने 1962 मध्ये तिच्या तोंडी घातलेल्या गाण्याची पुढची गोष्ट, सहा वर्षांनी, या वेळी तिच्या घरात लिहिलेली. या अल्बममध्ये गिटार पुढे आहे, व्हायोलिनचा साखरपाक नाही, आणि 'बाय बाय बेबी'मधली ती खरखर परत आलीय. फरक इतकाच की आता ती कुठे वापरायची हे तिला कळतं. सतरा वर्षांची मुलगी सगळीकडे ओरडते. पंचविशीतली बाई ओळीच्या एखाद्याच शब्दावर घसा घट्ट करते आणि लगेच सोडून देते.

'द डॉक्टर' चार्टवर थोडं चढलं आणि विसरलं गेलं. पुढे इकडेतिकडे सिंगल्स, 1981-82 मध्ये एपिक कंपनीसाठी 'जिगोलो' हे डिस्को वळणाचं गाणं. 1990 मध्ये स्वरयंत्राचा कॅन्सर निघाला. विमा नव्हता, घर गेलं. मदत उभी राहिली ती जुन्या कलाकारांना हात देणाऱ्या ऱ्हिदम अँड ब्लूज फाउंडेशनमुळे. 1991 मध्ये अमेरिकन काँग्रेससमोर जाऊन तिने कॅन्सर संशोधनाला पैसे द्या म्हणून साक्ष दिली, जेमतेम फुटणाऱ्या आवाजात. जुलै 1992 मध्ये गेली, वय 49. मग मृत्युलेख कशाचे निघाले असतील? 'माय गाय'चे.

शेवटची फरफट बघून लोक मागे बोट दाखवतात की बघा, मोटाउन सोडलं ना! पण विमा नसणं आणि रॉयल्टीचे वाद हे त्या पिढीतल्या कितीतरी काळ्या कलाकारांच्या नशिबी आलं, कंपनी सोडलेल्यांच्या आणि न सोडलेल्यांच्याही. त्यातून 1968 च्या गाण्याची किंमत ठरवणं मला पटत नाही.

ज्यांना ऐकायचंय त्यांनी आधी 'बाय बाय बेबी' लावा आणि लगेच त्यावर 'द डॉक्टर' आणि 'टू लव्हर्स हिस्टरी'. मधली हिट गाणी तुम्हाला पाठ आहेतच. मग 'डिअर लव्हर', मोठ्या आवाजात, मोबाइलच्या स्पीकरवर नको. आणि ज्यांना तरीही वाटेल की बाई 1964 ला संपली, त्यांनी खाली कमेंटमध्ये यावं, मी आहेच.