होती नव्हती ती माया

छाती अडतीस, पोट एकोणचाळीस. आकडे माझे आहेत आणि परवा संध्याकाळपासून नौपाड्यातल्या निदान चार माणसांना ते पाठ आहेत. आमच्या टेलरकाकांना टेप लावताना आकडा पुटपुटता येत नाही, ते ओरडतात. वही घेऊन बसलेला मुलगा तीन फुटांवर असतो. तरी त्यानं "पोट एकोणचाळीसच ना?" असं विचारून खात्री करून घेतली.

कोट दादाचा, म्हणजे मावसभावाचा, त्याच्या लग्नातला. शनिवारी माझी एमबीए प्रवेशाची मुलाखत. मार्चच्या ठाण्यात अंगावर बनियन सोसत नाही आणि मला अस्तर लावलेला निळा कोट घालून, घाम न येऊ देता, आत्मविश्वास दाखवायचाय.

त्यात सकाळी क्लासमध्ये मॉक, म्हणजे सरावाचा इंटरव्ह्यू, झाला होता. समोर तिघं. "ठाण्याचे का?" एकानं विचारलं. मी खूश. हे येणारच म्हणून घोकून गेलो होतो: देशातली पहिली प्रवासी गाडी, 16 एप्रिल 1853, बोरीबंदर ते ठाणे, चौदा डबे, चारशेच्या आसपास प्रवासी. "इंजिनं किती?" मी म्हणालो, एक. गाडीला इंजिन एक असतं हे सांगायला डिग्रीसुद्धा लागत नाही. तर तीन होती. साहिब, सिंध आणि सुलतान. "मेकॅनिकल असून?" असं म्हणत त्यानं कागदावर एक शब्द लिहिला आणि त्याखाली दोन रेघा मारल्या. शब्द कोणता ते दिसलं नाही. रेघा अजून दिसतात.

कॅटच्या, म्हणजे एमबीए प्रवेश परीक्षेच्या, जगात माझ्यासारख्यांना 'जेम' म्हणतात. जनरल, इंजिनियर, मेल. नाव रत्नाचं, भाव गारगोटीचा. काही आयआयएम बिगर-इंजिनियरांना वेगळे गुण देतात, मुलींनाही देतात. द्यावेत. अख्खा वर्ग माझ्यासारख्यांनी भरला तर पहिला कंटाळा मलाच येईल. पण बारावीला ज्या नातेवाइकांनी 'इंजिनियरिंगला मरण नाही' म्हणत मला ढकललं, त्यांच्यापैकी एकानं तरी पुढचं वाचून ठेवायला हवं होतं.

असो. तर टेलरकाका तोंडात टाचण्या धरून बाही दुमडत होते आणि बाकावर एक काकू ब्लाऊजच्या हुकांसाठी ताटकळत होत्या.

"लग्न ठरलं वाटतं?"

"नाही, इंटरव्ह्यू आहे. एमबीएचा."

"माझा भाचा झाला एमबीए. आता दिवसभर लोकांना फोन करून कर्ज हवंय का विचारतो. परवा मलाच आला. मावशीचा आवाज ओळखला नाही मेल्यानं." मग मला खालीवर बघून, "तू काय करतोस?"

"महापेला पंपांच्या कंपनीत आहे. डिझाइनला."

"पंप!" काकू बाकाच्या कडेपर्यंत सरकल्या. "आमच्या सोसायटीचा पंप रोज सकाळी रुसतो. वॉचमन त्यात बादलीभर पाणी ओततो तेव्हा कुठे चालू होतो. सेक्रेटरी म्हणतो मोठा घेऊ, वर्गणी काढा."

"टाकी पंपाच्या खाली आहे का?" मी विचारलं, आणि पुढची दहा मिनिटं मी कुठे होतो माझं मलाच माहीत नाही. मी सांगितलं की पंप पाणी ओढतच नाही. तो पाइपातला दाब कमी करतो आणि बाहेरची हवा पाण्याला वर ढकलते. म्हणून वर ठेवलेला पंप कितीही हॉर्सपॉवरचा आणा, दहा-सव्वादहा मीटर खालचं पाणी त्याला मिळायचं नाही. तुमचा पाइप रात्रभरात रिकामा होतोय. तळाशी पाणी परत खाली जाऊ न देणारा फूट व्हॉल्व्ह असतो, त्यात कचरा अडकला असणार किंवा वॉशर गेला असणार. मोठा पंप आणलात तर तोही असाच रुसेल, फक्त विजेचं बिल वाढेल. मी हातवारे करत होतो, त्यामुळे दोन टाचण्या मला टोचल्या. कळलंही नाही. वहीवाल्या मुलानं वही मिटून ठेवली होती.

"एवढं येतंय तुला," काकू म्हणाल्या, "मग सोडून कशाला चाललायस?"

क्लासवाल्यांनी याच प्रश्नाच्या उत्तराचे पैसे घेतलेत. ते मी म्हटलं: टेक्निकल आणि बिझनेस यांच्यातला दुवा व्हायचंय, पर्स्पेक्टिव्ह वाढवायचाय, लीडरशिप रोलमध्ये...

"म्हणजे कंटाळा आलाय," काकूंनी टेलरकाकांना समजावलं. त्यांनी टाचण्यांसकट मान डोलावली.

"तसं नाही हो काकू."

"पगार कमी आहे?"

"तो आहेच."

"फी किती?"

"वीस लाखांच्या वर जाते."

"लग्न?"

"नाही झालं."

"बरं झालं," काकू म्हणाल्या आणि मुलाला हुकांचं विचारायला लागल्या. माझ्यातला त्यांचा रस संपला होता. नक्की काय बरं झालं हे विचारायचं राहून गेलं.

खरं उत्तर मला रात्री साडेअकराला पंख्याकडे बघताना सुचलं. पंपाचा भाव ठरवायच्या मीटिंगला आमच्याकडे मला बोलवत नाहीत. गिऱ्हाईक बोंबलायला लागलं की मात्र बोलावतात, आणि तेव्हा भाव ठरवणारा माझ्या खांद्यावर हात ठेवून "धिस इज अवर एक्सपर्ट" म्हणतो. त्या हातासाठी चाललोय मी, बाकी काही नाही. पण हे पॅनेलसमोर बोलता येत नाही. तिथे त्याला 'क्रॉस-फंक्शनल एक्सपोजर' म्हणायचं.

काल कोट आणायला गेलो. काकूंचा निरोप होता: प्लंबरनं व्हॉल्व्ह काढला, आत दुधाची पिशवी निघाली, पंप सुरळीत. सेक्रेटरीनं बोर्डावर 'समितीच्या अथक प्रयत्नांनी' अशी नोटीस लावलीय.

"बाही आखूड केलीय, पण कापली नाही," टेलरकाका म्हणाले. "माया आत ठेवलीय. काम झालं की उसवून भावाला परत."

"आणि पोटाला?"

काकांनी वहीकडे पाहिलं, मग मुलाकडे. मुलगाच बोलला. "पोटाला होती नव्हती ती सगळी सोडली. तरी बसताना बटण काढून बसा."