हाफलिंग कोणी घ्यायचाच नाही का?

आज डोकं फिरलंय, म्हणून लांबलचक लिहितोय. धरमपेठेतल्या आमच्या टेबलावर एक नवी पोरगी आली. डी अँड डी, म्हणजे डन्जन्स अँड ड्रॅगन्स, पहिल्यांदाच खेळणार होती. या खेळात प्रत्येक जण कुठल्यातरी जमातीचं पात्र घेतो आणि फासे टाकत गोष्ट पुढे नेतो. हाफलिंग ही बुटकी जमात, टीफ्लिंग नरकातल्या रक्ताची, एल्फ टोकदार कानांची. पुस्तक चाळून तिनं हळूच विचारलं, "दादा, मी हाफलिंग घेऊ?" तर आमची पोट्टी फिदीफिदी हसली. "अबे, हाफलिंग कोण घेते! टीफ्लिंग घे ना, शिंगं भेटतात." तिनं मुकाट्यानं टीफ्लिंग लिहिली. आता टेबलावर चार टीफ्लिंग, एक एल्फ. सगळ्यांचं गाव जळालेलं, सगळ्यांचे मायबाप मेलेले. पात्राच्या माहितीची कॅरेक्टर शीट आहे का शोकसभेची पत्रिका?

जुन्या मंडळींना फुटाणा आठवत असेल. बँकेतला आपला दोस्त, टेबलावर तोंडातून शब्द न काढणारा. त्यानं तीन फुटी हाफलिंग घेतला, नाव फुटाणा, धंदा आचाऱ्याचा. ड्रॅगनच्या पंजाखालची किल्ली काढायला गेला आणि फाशावर पडला एक! संपलं म्हणून आम्ही वह्या मिटायला लागलो. पण हाफलिंगला एक पडला की वीस बाजूंचा फासा पुन्हा टाकता येतो. टाकला, अठरा! एवढा कल्ला झाला की आई हातात झारा घेऊनच बाहेर आली.

आणि हे म्हणतात, हाफलिंग बोअर आहे.

अरे, 1974 च्या पहिल्या नियमांपासून माणूस, एल्फ आणि ड्वार्फच्या पंगतीला ही बुटकी जमात बसलेली आहे. तुमचं टीफ्लिंग आलं 1994 ला, प्लेनस्केप नावाच्या डी अँड डीच्याच एका जगात. 2008 ला ते मुख्य पुस्तकात घुसलं, तेव्हा बिचाऱ्या नोमला, दुसऱ्या एका बुटक्या जमातीला, त्यातून बाहेर काढलं होतं. चाल, म्हणजे एका पाळीत चालायचं अंतर, कमी म्हणून घेत नाही म्हणाल, तर 2014 मधली 25 फुटांची चाल 2024 च्या पुस्तकानं 30 करून दिली. आता काय बहाणा आहे बे?

खरं कारण मला माहीत आहे. खेळ सुरू व्हायच्या आधीच खास व्हायचंय सगळ्यांना. शिंगं, शेपूट, नरकातलं रक्त, सगळं आयतं. फुटाण्याकडे काय होतं? एक कढई. आमच्या टीफ्लिंग वॉरलॉकचं, म्हणजे जादूगाराचं, दोन पानी दुःख आज कोणाला आठवत नाही. एवढंच आठवतं, की फुटाणा त्याच्या मागे लपायचा. नियमच होता तसा, लाइटफूट पोटजातीच्या हाफलिंगला आपल्याहून मोठ्या गड्याच्या आडोशाला लपता यायचं. दोन पानी दुःखाची शेवटी भिंत झाली!

बरं, मान्य. घरात, कॉलेजात ज्यांना दिसण्यावरून ऐकावं लागतं, त्यांना टीफ्लिंगमध्ये स्वतःचं काहीतरी सापडतं. आमच्याकडेही आहे असा एक जण. त्याला मी कधी काही बोललो नाही, बोलणारही नाही. पण तो त्या दिवशी हसलाही नव्हता, हेही लिहून ठेवतो.

राग बाकीच्यांवर आहे. नवा माणूस पहिल्यांदा काहीतरी मनानं निवडतो आणि तुम्ही खिदळता? फुटाण्याच्या वेळी असं कोणी हसलं असतं, तर आपला बँकवाला दुसऱ्या दिवशी आला नसता. तो बोलायला लागला तो त्या किल्लीनंतर.

तर पोट्टेहो, पुढच्या रविवारी टीफ्लिंग आणा, एल्फ आणा, माझी ना नाही. पण गाव कसं जळालं ते मी ऐकणार नाही. पोटापाण्याला काय करतो तेवढं सांगा. आणि त्या पोरीला मी मेसेज केलाय, शीट कोरी करून ठेवलीय तिची.