अळ्या शिळ्या नव्हत्या, साहेब

नमस्कार साहेब,

तुमचा रिव्ह्यू काल रात्री शटर ओढताना वाचला. एक स्टार, आणि खाली "फ्रीजमधल्या शिळ्या अळ्या विकतात. दोन महिने घेतल्या, मुलाचा गेको आहे तेवढाच आहे. मालक उर्मट."

बाकी वाचणाऱ्यांसाठी सांगतो, गेको म्हणजे पालीच्या जातीचा पाळीव प्राणी, आणि अळ्या म्हणजे माझ्या दुकानात मिळणारं त्याचं जिवंत खाद्य. आता शेवटचं आधी घेतो. त्या शनिवारी मी तुमच्याशी नीट बोललो नाही, हे खरं आहे. लाईट गेली होती, टाक्यांचे पंप बंद पडलेले, गोल्डफिश वर येऊन तोंडं उघडत होते आणि मी मग्यानं उंचावरून पाणी ओतत बसलो होतो. तरी गिऱ्हाइकाला "घ्यायच्या तर घ्या" असं म्हणायला नको होतं. माफी मागतो.

पण "शिळ्या" लिहिलंत ते लागलं. मीलवर्म म्हणजे काळ्या भुंग्याची अळी. ती जिवंत असते नाहीतर मेलेली असते, शिळी कशी असेल? मेली की काळी पडते, मऊ होते, वास मारते. तसली एक जरी माझ्या डब्यात निघाली असेल तर डबा घेऊन या, पैसे परत. आता फ्रीजचं. उबेत ठेवली तर या अळीचा बघता बघता कोष होतो आणि पुढं भुंगा. ८-१० अंशांत ठेवली की ती गुंगीत पडून राहते, आहे तशीच. म्हणून दुकानात एक छोटा फ्रीज फक्त यांच्यासाठी आहे, आमच्या चहाचं दूधसुद्धा त्यात ठेवत नाही. दर आठवड्याला माझी मिसेस सगळे ट्रे बाहेर काढते, गिरणीतून आणलेला गव्हाचा कोंडा चाळून घालते, वर गाजराच्या चकत्या ठेवते. दिवसभर अळ्या खातात, संध्याकाळी परत आत. तुमचा रिव्ह्यू माझ्याआधी तिनं वाचला. "मी कुणाला शिळं घालते होय?" एवढंच म्हणाली आणि ट्रे पुसत बसली.

२०१९ च्या महापुरात या दुकानात छातीएवढं पाणी होतं. पाणी ओसरल्यावर भिजलेली खाद्याची पोती निम्म्या किमतीत मागणारे आले होते. एक किलो विकलं नाही, सगळं कचऱ्याच्या ढिगावर टाकलं. हे इथं सांगायची गरज नव्हती, पण सांगतो.

आता माझी चूक. फ्रीजमधून काढलेली अळी गारठलेली असते, हलत नाही. गेको हलणारं भक्ष्य बघूनच झडप घालतो. आणि खाणं न घातलेली अळी म्हणजे नुसतं साल, पोटात गेली काय न गेली काय. एक दिवस बाहेर ठेवून, कोंडा-गाजर खायला देऊन मगच घालायची, हे डबा देताना सांगायला पाहिजे. तुम्हाला सांगितलं होतं का ते आठवत नाही. बहुतेक नाही.

तरी वाढ थांबली ती अळ्यांमुळं, हे मला पटत नाही. का ते सांगतो.

गेल्या रविवारी तुमचा मुलगा गेकोला श्रीखंडाच्या डब्यात घालून घेऊन आला होता. झाकणाला सुईनं पाडलेली भोकं, आत टिश्यू पेपर. शेजारच्या सराफाच्या काट्यावर आम्ही दोघांनी त्याचं वजन केलं, ९ ग्रॅम. पोरानं वहीच्या शेवटच्या पानावर वजनं लिहून ठेवलीत, दोन महिन्यांपूर्वी ८ होतं. अंड्यातून निघालेलं पिल्लूच ३ ग्रॅमच्या आसपास असतं. चार महिन्यांच्या गेकोला ९ म्हणजे कमीच. शेपटी पेन्सिलीसारखी बारीक. या प्राण्याची चरबी शेपटीत साठते, त्यामुळं शेपटी बघितली की खाल्लेलं अंगी लागतंय का ते कळतं. तब्येत बघून मलाही वाईट वाटलं.

मग त्याच पानावर दुसरा रकाना दिसला. मी विचारलं, हा कुणाचा? म्हणाला, "काका, तो दुसरा. तो २२ ग्रॅमचा झाला."

साहेब, दुसरा! एकाच पेटीत, माझ्याच अळ्या खाऊन एक २२ आणि एक ९. रिव्ह्यूमध्ये तुम्ही एकच गेको लिहिलात.

भांडण दिसत नाही, चावाचावी नाही, म्हणून घरच्यांना वाटतं दोघं गुण्यागोविंदानं राहतात. मोठा फक्त उबदार कोपऱ्यात बसून राहतो आणि लहान्याला तिथं येऊ देत नाही. गेकोला खाल्लेलं पचवायला पोटाखाली ३१-३२ अंशांची ऊब लागते. जानेवारीत सांगलीत पहाटे आपण कानटोपी घालतो, आणि तो जीव काचेच्या गार टोकाला बसलेला. खाल्लेलं पोटात तसंच पडून राहतं, मग तो खायचंच सोडतो. मीही आधी "किती आहेत?" एवढं विचारलं असतं तर दोन महिने गेले नसते. तेवढं माझ्याकडं.

आणि ऑक्टोबरमध्ये नेलेल्या कॅल्शियम पावडरचं सील अजून फोडलेलं नाही, असं पोरगा बोलून गेला. त्याला रागवू नका, वजनं लिहिणारं पोरगं आहे. पण मीलवर्ममध्ये फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम नावाला. वाढत्या पिल्लाला पावडर लावल्याशिवाय अळी घालायची नाही, नाहीतर हाडं मऊ पडतात, पाय वाकतात. अळीही त्याच्या दोन डोळ्यांमधल्या अंतरापेक्षा जाड नको.

आणखी एक, वाचणाऱ्या बाकीच्यांसाठी. आम्ही गेको विकत नाही. तुम्ही तो पुण्याहून आणलात. आमच्याकडं मासे, पक्ष्यांचं खाद्य आणि हे किडे एवढंच.

सुधारणा म्हणाल तर डब्यावर तारीख टाकायचं बघतो, मार्कर आणून ठेवलाय. अळ्या कशा घालायच्या त्याची पाटी मुलगी लिहून देणार आहे, तिची परीक्षा झाली की.

आधी दोघांना वेगळं करा. महिनाभर ऊब आणि पावडर देऊनही काटा हलला नाही, तर ताजी विष्ठा डॉक्टरांकडं नेऊन सूक्ष्मदर्शकाखाली बघून घ्या, पोटात जंत वगैरे असू शकतात. काही पिल्लं मुळातच सावकाश वाढतात, तेही आहे. गेको एका वेळी दोनच अंडी घालतो, त्या दोघांतही फरक पडतो.

माझ्याकडं एक फुटी काचेची पेटी पडून आहे. पोराला पाठवा, घेऊन जाऊ दे, पैसे नकोत. स्टार वाढवा म्हणून देत नाही, स्टार राहू दे तसाच. खालची हीट मॅट, म्हणजे पेटीला ऊब देणारी विजेची चटई, मात्र विकत घ्यावी लागेल, ती मला फुकट मिळत नाही. संध्याकाळी पाचनंतर या, मंगळवारी बंद असतं.